विचारायची पद्धत नाही

आमचा पक्ष बुधवारी सकाळी बंद पडला. त्या वेळी वॉल्टर कालमाकॉफ, आमच्या खोऱ्याचा तीन वेळचा आमदार आणि या वेळचा उमेदवार, प्रचार कार्यालयात बसून उकडलेलं अंडं सोलत होता. बातमी रेडिओवर आली. आधी वणवे सांगितले, कुठला रस्ता बंद, कुठल्या गावाने सामान बांधून तयार राहायचं. मग हवेतला धूर. आणि मग, हॉकीच्या अलीकडे, आम्ही. पक्षाध्यक्षांनी राजधानीत पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं की 'उद्याचा पक्ष' ही निवडणूक लढवणार नाही. प्रांताच्या व्यापक हितासाठी आपल्या मतदारांनी वारसा पक्षाला मत द्यावं, अशी त्यांची विनंती होती.

वॉल्टरने अंड्याला मीठ लावलं.

"तुला फोन आला होता?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"अध्यक्षांचा."

"नाही. तुला?"

"मला कशाला येईल?"

"मला वाटलं, तू शिकलेला आहेस."

मी इथल्या कॉलेजात वीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. मग तो विषय घेणारी मुलं संपली आणि कॉलेजने विषय बंद करून त्या खोलीत केस कापायचा अभ्यासक्रम सुरू केला. तो जोरात चालतो. तेव्हापासून मी वॉल्टरचा प्रचार सांभाळतो. गावात मला अजून मास्तर म्हणतात. त्यात आदर किती आणि सवय किती, हे मी मोजायला गेलेलो नाही.

पक्षाचं दुखणं तसं जुनं होतं. आमचं मूळ नाव नागरी पक्ष, रंग निळा. दोन वर्षांपूर्वी टोरंटोहून तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी लोकांना एका खोलीत बसवून सँडविच खायला घातले आणि अहवाल दिला की निळा रंग थकलेला वाटतो आणि 'नागरी' हा शब्द ऐकून लोकांना पाणीपट्टी आठवते. म्हणून आम्ही 'उद्याचा पक्ष' झालो आणि पिकल्या पीचच्या रंगाचे झालो. टाकून दिलेला निळा वारसा पक्षाने उचलला. तोवर त्या पक्षाचा एकही आमदार नव्हता आणि त्यांची सबंध कार्यकारिणी एका पिकअप गाडीत मावायची. आमच्या खोऱ्यातले लोक मात्र वडिलांच्या काळापासून निळ्याला मत देत आले होते, ते निळ्यालाच देत राहिले. चाचण्यांत आम्ही चाळीस टक्क्यांवरून नऊवर आलो. तेल गेलं, तूप गेलं आणि धुपाटणं पीच रंगाचं निघालं.

अर्ज भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी दुपारी एक वाजता संपत होती. तोवर वॉल्टरपुढे तीन वाटा होत्या. वारसा पक्षाने त्याला घ्यावं. नाहीतर त्याने अपक्ष उभं राहावं. नाहीतर घरी बसावं. तिसरी वाट ऐकायला सोपी वाटते. पण वॉल्टर आमदार व्हायच्या आधी लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता, आणि ती गिरणी त्याच्या दुसऱ्या खेपेत बंद पडली. आमदारकी गेली तर वॉल्टर काय करणार, असं गावात कुणी विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"दुसरं अंडं आहे," वॉल्टर म्हणाला. "खातोस?"

मी खाल्लं.

*

दोन दिवस आम्ही फोनची वाट पाहिली. दोन्ही अध्यक्षांचं आतून ठरलंय, आमच्यातले काही चांगले लोक वारसा पक्ष आपल्याकडे घेणार आहे, अशी बातमी होती. वॉल्टर चांगल्यात मोडतो की नाही यावर बेकरीत चर्चा झाली आणि तो मोडतो असं ठरलं. शिवाय वारसा पक्षाची आमच्याकडची उमेदवार डॉना-ली हफ. ती सहा वर्षांपूर्वी अल्बर्टाहून आली. फिरत्या गाडीत लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालायचा तिचा धंदा. खोऱ्यात भरलेला हा धूर विमानातून सोडतात, जमिनीचे भाव पाडायला, असं तिने उन्हाळ्यात एका व्हिडिओत सांगितलं होतं, आणि ते सांगताना तिच्या हातात ओला पूडल होता. तिला काढतील आणि वॉल्टरला घेतील, असं सगळे म्हणत. सगळ्यांत पहिल्यांदा ते वॉल्टरच्या बायकोने, नॅडीनने म्हटलं होतं, आणि सगळ्यांत आधी म्हणायचं थांबवलंही तिनेच.

फोन शुक्रवारी वॉल्टरच्या घरी आम्ही जेवत असताना आला. गिरणीने वॉल्टरचे कान घेतलेत, म्हणून त्याच्या घरी फोन कायम मोठ्या आवाजात टेबलावर ठेवून बोलतात. कालमाकॉफांचं गुपित कसलं म्हणून राहत नाही.

"मिस्टर कालमाकॉफ? मी ब्रिन, वारसा पक्षाच्या मुख्यालयातून."

वॉल्टर उभा राहिला. नॅडीनने चमचा खाली ठेवला.

"बोला."

"सर, आधी तुमचे आभार. तुमचं काम आम्ही सगळे मानतो इथे."

"हो."

"एक विनंती होती. अडचण असेल तर स्पष्ट सांगा हं."

"नाही, नाही. बोला तुम्ही."

"तुमच्याकडे मोठ्या पाट्यांच्या लाकडी चौकटी आहेत म्हणे, हायवेवर लावायच्या. आणि कोपरेही तुमचे ठरलेले असतात. आमच्या डॉना-लींकडे उत्साह भरपूर आहे, पण लाकूड नाही."

वॉल्टर उभाच होता. आता बसावं की नाही हे त्याला ठरवता येत नसावं.

"किती हव्यात?"

"सगळ्या चालतील, सर."

"गोठ्यात आहेत. निळ्याच आहेत, पीचचा हात मारायचा राहून गेला. कधीही या, कुत्रा बांधून ठेवतो."

"कुत्र्याची काळजी नको," ब्रिन हसून म्हणाली. "डॉना-लींना कुत्री आवडतात."

फोन बंद झाल्यावर वॉल्टर बसला आणि बटाटा कापू लागला.

"नाही म्हणता आलं असतं," नॅडीन म्हणाली.

"मागितल्या त्यांनी."

"उद्या माझी चादर मागतील."

"ती तुला विचारतील. तुझी तू बघ."

"मास्तर, तुम्ही तरी बोला काहीतरी. शिकवत होतात ना हेच?"

मी म्हणालो की सत्तांतर शांततेत होणं हे प्रगल्भ लोकशाहीचं लक्षण आहे. नॅडीनने माझ्यापुढची थाळी उचलली. माझं जेवण अर्धं व्हायचं होतं.

*

इथे आमच्या खोऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही घुमे आहोत.

निम्मं खोरं दुखोबोरांचं, म्हणजे एका जुन्या रशियन ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. यांच्या आजे-पणज्यांनी रशियात आपल्या बंदुका ढीग घालून जाळल्या, झारला सांगितलं की आम्ही लढणार नाही, आणि मार खाऊन इकडे आले. लढाई नाही, शपथ नाही, आणि मतदान तर नाहीच. राज्य देवाचं, माणसांच्या राज्याला हात लावायचा नाही. नातवंडं पुढे मत देऊ लागली, पण धान्याच्या कोठीमागे उभं राहून सिगारेट ओढावी तशी. त्यामुळे 'मत' हा शब्द आमच्याकडे दारात उच्चारत नाहीत. वॉल्टर प्रचाराला जायचा म्हणजे ओसरीवर बसायचा. विहिरीला पाणी किती, गुडघा कसा आहे, मुलगी एडमंटनला रमली का, एवढं विचारायचा. लोणच्याची बरणी घेऊन उठायचा. निघताना घरधनी म्हणायचा, "फाटकापाशी कोपरा मोकळाच आहे हं." मग आम्ही तिथे पाटी ठोकायचो. पाट्या मोजून मी मतांचा अंदाज काढायचो. तीन निवडणुका तो अंदाज बरोबर आला, म्हणून ते शास्त्र आहे असं मी समजत होतो.

अपक्ष उभं राहायला सूचकांच्या सह्या लागतात. त्या दोन दिवसांत झाल्या. सह्यांना आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. म्हातारे तर वाचायलाही थांबत नाहीत. प्रत्येक जण वर म्हणत होता, "उभा राहा, वॉल्टर. उभा राहायलाच हवंस."

सोमवारी आम्ही ट्रक घेऊन पीच रंगाच्या छोट्या पाट्या उपटायला निघालो. पक्ष नाही म्हटल्यावर त्या ठेवून चालत नव्हतं. धुरात सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता आणि त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. पहिल्या पाच-सहा पाट्या झाल्यावर वॉल्टर म्हणाला, "मास्तर, विचारून बघू का?"

"काय?"

"देणार का म्हणून."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "अशी पद्धत नाही, वॉल्टर."

"पक्ष बंद पडायची तरी कुठे होती?"

यावर राज्यशास्त्रात उत्तर नाही.

निक पॉझ्निकॉफचं बटाट्याचं शेत हायवेच्या वळणावर आहे. खोऱ्यातला सगळ्यांत चांगला कोपरा त्याचा. दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला पाटी दिसते. निक ओसरीवर होता. आम्ही बसलो. विहिरीचं झालं, गुडघ्याचं झालं. धुराने बटाट्याला चव येते का यावर निकने एक विनोद केला, तो त्याने गेल्या वर्षीही केला होता.

"निक, एक विचारू?" वॉल्टर म्हणाला.

"पंप हवाय?"

"नाही. मी अपक्ष उभा राहिलो तर मला मत देशील?"

निकने आपल्या बुटांकडे पाहिलं. वॉल्टरने त्याला त्याच्या आणि बायकोच्या खोलीतलं काही विचारलं असतं तर तो याहून कमी लाजला असता.

"हे काय विचारणं झालं, वॉल्टर?"

"सांग ना."

"मी तुला कधीच दिलेलं नाही."

"कधीच?"

"पहिल्या वेळी मनात होतं. पण आत गेलो नि सरकारातल्या पक्षालाच देऊन आलो. आमचे वडील त्यांना शिव्या घालत घालत त्यांनाच द्यायचे. हात तिकडेच जातो."

"आणि कोपरा?"

"कोपऱ्याचं काय? तुझ्या वडिलांनी आमचा ट्रॅक्टर ओढ्यातून ओढून काढला होता. कोपरा तुझाच आहे. मताचा त्याच्याशी काय संबंध?"

मी माझ्या टोपीच्या आतली शिवण बघत होतो.

"बरं, जुनं जाऊ दे," वॉल्टर म्हणाला. "या वेळी?"

"या वेळी नाही जमायचं रे. ती आली होती."

"कोण?"

"कुत्रीवाली. इथे पायरीवर उभी राहिली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, मिस्टर पॉझ्निकॉफ, मला मत द्याल का? तोंडावर! बायको आत निघून गेली."

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घाईत काही सुचलं नाही."

"म्हणजे देणार?"

निकला प्रश्नच कळला नाही. "हो म्हणालोय ना."

आमच्याकडे शपथ घेत नाहीत, ती एवढ्याचसाठी. एकदा हो म्हटलं की संपलं, त्यावर देवाला साक्षीला बोलवायची गरज उरत नाही. हे मला माहीत होतं. यावर मी एकदा परिषदेत निबंधही वाचला होता, आणि टाळ्या पडल्या होत्या.

पुढच्या कोपऱ्यांवर तेच. वॉल्टर विचारायचा, समोरचा लाल व्हायचा, आणि मग कळायचं की डॉना-ली येऊन गेली. महिन्याभरात तिने सबंध खोरं पालथं घातलं होतं. ती दारोदार जाऊन, बसल्याशिवाय, विहिरीची चौकशी न करता, सरळ मागत होती. आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मागितल्यामुळे लोक गोंधळून हो म्हणत होते. एका म्हाताऱ्याने तर तिला दोन मतं कबूल केली होती आणि दुसरं कुठून आणायचं याची त्याला झोप लागत नव्हती. धूर विमानातून सोडतात हे कुणालाच पटलेलं नव्हतं. ते तिने विचारलंच नव्हतं.

"आधी विचारलं असतं तर?" मी एका बाईंना म्हणालो, "म्हणजे वॉल्टरने हो, उन्हाळ्यात?"

"दिलं असतं की," बाई म्हणाल्या. "वॉल्टरला कोण नाही म्हणेल? पण तो कधी बोलला का? आम्हाला वाटलं, त्याला नकोच असतील."

वॉल्टर ट्रकपाशी पाटी ठेवत होता. त्याला ऐकू गेलं नसावं. तसं त्याला बरंच काही ऐकू जात नाही, आणि नेमकं काय, ते तोच ठरवतो.

*

बुधवारी आम्ही त्याच्या आत्याकडे जेवायला गेलो. पॉली आत्या सत्त्याऐंशीची आहे, वॉल्टरच्या वडिलांची धाकटी बहीण. आई लवकर गेल्यामुळे वॉल्टरला तिनेच वाढवलं. ती त्याला अजून वास्या म्हणते. तिचं बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, खोऱ्यात नावाजलेलं: बीट नावाला, कोबी आणि बटाटा भरपूर, आणि लोणी इतकं की डॉक्टरांनी ते फक्त बघावं. टेबलाच्या मधोमध पाव, मीठ आणि पाण्याचा तांब्या. देवाचं म्हणून ते तिच्याकडे कायम असतं.

"वास्या," ती वाढता वाढता म्हणाली, "तू निककडे गेला होतास म्हणे."

"हो."

"मेरीकडे गेलास. त्या कानतुटक्या फ्रेडकडेही गेलास."

"हो, आत्या."

"सगळ्यांना विचारत सुटलायस. नॅडीनला विचारलंस?"

"मला विचारायचं काय त्यात?" नॅडीन म्हणाली. "यांच्या चौकटी निळ्या आहेत, मी निळ्यालाच देणार."

कुणी हसलं नाही, पण वातावरण जरा हलकं झालं.

"आणि मला नाही विचारलंस," आत्या म्हणाली.

वॉल्टरने चमचा ठेवला. "तू देत नाहीस, आत्या. कधीच दिलं नाहीस."

"विचारल्याशिवाय कसं कळलं?"

"आत्या, कशाला उगाच."

"त्या कुत्रीवालीने विचारलं. मी सांगितलं, बाई, आमच्यात देत नाहीत. पाणी घे आणि जा. चांगली आहे पोरगी, पाणी प्यायली. आता तू विचार."

वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत पाहिलं.

"देशील?" तो म्हणाला. इतक्या हळू की त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसेल.

आत्याने शेगडी बंद केली, हात पुसले, आणि बराच वेळ फडक्याची नीट घडी घालत राहिली.

"देईन," ती म्हणाली.

"आत्या—"

"वडिलांना शब्द दिला होता मी, माणसांच्या राज्याला हात लावणार नाही म्हणून. बारा वर्षांची होते. तो एवढा बाजूला ठेवीन. वर गेल्यावर ते बोलतील, तर बोलतील. तसेही चिडकेच होते." तिने साईची वाटी वॉल्टरकडे सरकवली. "खा. थंड होतंय."

मग ती खुर्चीत बसली. जेवण होईपर्यंत तिने स्वतः काही घेतलं नाही. एकदा पावाकडे हात नेला, पण देवाच्या पावाला तिचं बोट लागलं तसं तिने ते काढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. वॉल्टरने ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

निघताना ती मला म्हणाली, "मास्तर, तिथे आत काय करायचं असतं, ते मला एकदा दाखवाल ना? चूक नको व्हायला."

"दाखवीन," मी म्हणालो.

ट्रकमध्ये बसल्यावर वॉल्टरने किल्ली फिरवली नाही. समोर डोंगर असायला हवा होता, तिथे धूर होता.

"झालं एक," तो म्हणाला.

"एक झालं."

"एका मतावरही उभं राहता येतं ना, मास्तर? कायद्याने?"

"शून्यावरही येतं."

"मग भरू अर्ज."

*

शुक्रवारी आम्ही वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो. निवडणूक कार्यालय दर वेळी कुठल्यातरी बंद दुकानात थाटतात; या वेळी बुटांच्या दुकानात होतं. वॉल्टरने ट्रक दारासमोर लावला. अर्ज आणि सह्या माझ्या मांडीवर होत्या. वॉल्टरने कोट घातला होता. कॉलर नीट केली, आरसा नीट केला, आणि दाराकडे हात नेला, तोच डॉना-ली आतून बाहेर आली.

"अहो वॉल्टर!" तिने धावत येऊन खिडकीवर हात ठेवला. "तुमच्या चौकटी! काय लाकूड आहे हो! आमच्या लोकांनी हातोडा मारला तर हातोड्याचाच दांडा निघाला."

"देवदार आहे," वॉल्टर म्हणाला. "गिरणी होती तेव्हाचं."

"तेच म्हटलं मी. आता असं मिळत नाही. तुम्ही आत चाललात का? उभे राहताय? राहा हो, मजा येईल. मी एकटीच किती बोलणार?"

"बघतोय."

तिने खिडकीवर कोपर टेकलं. जवळून ती दमलेली दिसत होती. डोळे धुराने लाल होते. कुणाला सांगू नका, पण मला भीती वाटते, ती म्हणाली. निवडून आले तर कुत्र्यांचं कोण बघणार? अर्धी गिऱ्हाइकं म्हातारी आहेत, त्यांची कुत्री त्यांच्याहून म्हातारी. माणूस ठेवायचा तर कुत्री बाहेरच्या माणसाला चावतात. वॉल्टर ऐकत होता. आमच्याकडे बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. माणसाचं संपेपर्यंत थांबायचं, मग आपलं. मीही थांबलो. ट्रकच्या समोरच्या फळीवर घड्याळ आहे. एकाला थोडा अवकाश होता.

"म्हणजे पाणी गरम कसं करता गाडीत?" वॉल्टरने विचारलं.

तिने सांगितलं. टाकी कुठे, गॅस कुठे, नळी कशी गोठते जानेवारीत. ती खुलली. एवढं नीट तिला कुणी विचारलं नसावं.

ती श्वास घ्यायला थांबली. आता उतरता आलं असतं. मी कागद उचलले. वॉल्टरने घड्याळाकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोळे बारीक करून, करवतीवरचा माणूस माप बघतो तसं. मग तो खिडकीकडे वळला.

"आणि मोठ्या कुत्र्यांचं काय करता?" तो म्हणाला. "ते सेंट बर्नार्ड वगैरे?"

मी कागद परत मांडीवर ठेवले.

सेंट बर्नार्डचं सांगायला बराच वेळ लागतो. त्याला आधी मनवावं लागतं, मग चढवावं लागतं, आणि मग वाळवायला निम्मा दिवस. ती सांगत असतानाच आतल्या बाईंनी दाराची कडी लावली आणि काचेवरची पाटी उलटी केली. आम्ही दिसलो तसा त्यांनी हात हलवला. वॉल्टरने हलवला. मीही हलवला.

डॉना-लीने मागे वळून पाहिलं. "अरे देवा. तुम्हाला आत जायचं होतं!"

"राहू द्या."

"मी अडवून ठेवलं तुम्हाला. मी ठोठावते, उघडतील त्या—"

"नको हो. मीच विचारत होतो."

ती खरोखर वरमली होती. थोडा वेळ उभी राहिली. मग तिचा स्वभाव परत आला. "मग आता तुम्ही मला मत द्याल?"

वॉल्टरने ट्रक सुरू केला. "तुम्ही विचारता ते बरं करता," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. पण हो म्हटलं नाही.

आम्ही रस्त्याला लागलो. माझ्या डोक्यात दोन-चार वाक्यं तयार होती, सगळी वर्गात चालली असती.

"घरी?" मी विचारलं.

"आत्याकडे. तिला सांगितलं पाहिजे, आता जावं लागणार नाही म्हणून."

आत्या अंगणात वाळलेला शेपू खुडत होती. तिने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता, सणाचा. कुठे जायची असेल म्हणावं तर ती कुठेच जात नाही. वॉल्टरने उभ्या उभ्याच सांगितलं. अर्ज राहिला. उशीर झाला. बोलण्यात वेळ गेला.

"कुणाशी बोलत होतास?"

"डॉना-लीशी."

"कशाबद्दल?"

"कुत्र्यांबद्दल."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. तिने त्याला वाढवलंय. मग तिने हातातला शेपू टोपलीत टाकला आणि दुसरी जुडी घेतली.

"बरं," ती म्हणाली.

वॉल्टर तिच्या शेजारी वाकला आणि खुडू लागला. त्याचा कोट चांगला होता, त्याला शेपू लागत होता. मी फाटकाला टेकून उभा राहिलो.

"मी तयार होते हं, वास्या," आत्या म्हणाली.

"माहीत आहे."

"नाही, आपलं सांगून ठेवलं."

मग ती म्हणाली की आज धूर कालच्यापेक्षा जास्त आहे. वॉल्टर म्हणाला, तेवढाच आहे.